घरच्या टेबलावर टॅटूइन: ठाण्याच्या दमट हवेत वाळवंट उभारण्याची रीत

स्टार वॉर्स चित्रपटांमधला टॅटूइन ग्रह कुणाला माहीत नाही? दोन सूर्य, चहूकडे वाळू, घुमटाची घरं, तपकिरी झग्यातले बुटके जावा. पण त्याचा एक तुकडा मॉडेल म्हणून घरी करायला बसलं की नवखा माणूस पहिल्यांदा वाळू आणतो, ती पाटावर पसरतो, मधोमध खेळण्यातलं एखादं यान ठेवतो आणि थांबतो. दिसायला ते सँडपिट दिसतं, ग्रह दिसत नाही.

माझं म्हणणं असं आहे की टॅटूइनची सुरुवात वाळूपासून करूच नका, पाण्यापासून करा. त्या ग्रहावर जे काही उभं आहे ते पाणी नसल्यामुळे तसं उभं आहे. घर जमिनीत का, भिंती जाड का, खिडक्या जवळपास नाहीतच त्या का, शेतात पिकाऐवजी खांब का, या सगळ्याचं उत्तर एकच. हे एकदा डोक्यात बसलं की कुठली वस्तू कुठे ठेवायची हे कुणाला विचारावं लागत नाही.

खाली मी चित्रपटाचा नायक ल्यूक स्कायवॉकर याचं बालपण गेलं त्या लार्स कुटुंबाच्या शेतघराचा छोटा तुकडा कसा करायचा ते सांगतो. सामान सगळं ठाण्यात किंवा नवी मुंबईत मिळणारं आहे, आणि ज्यानं कधी दिवाळीत किल्ला केला असेल त्याच्या हाताला निम्मं काम आधीच ठाऊक आहे.

आधी बघा, मग हात लावा

१९७७ च्या पहिल्या चित्रपटाचा पहिला तासभर कागद-पेन्सिल घेऊन बघा. गोष्ट नाही, जमीन बघायची. लक्षात येईल की तिथे तीन वेगवेगळी वाळवंटं आहेत. घर उभं आहे ती जमीन सपाट, पांढुरकी, भेगाळलेली आहे. ते चित्रण ट्युनिशियातल्या शॉट अल जरीद या मिठागराच्या सपाटीवर झालं. दोन यंत्रमानव उतरतात तिथे वाळूच्या टेकड्या आहेत. आणि टस्कन रेडर्स, म्हणजे त्या ग्रहावरचे लुटारू, हल्ला करतात तो भाग खडकाळ घळीचा, तोही त्याच देशातला, तोझरजवळच्या सिदी बुहलेलचा. ग्रहाचं नावसुद्धा दक्षिण ट्युनिशियातल्या ततावीन गावावरून घेतलेलं आहे.

घराचं बाहेरचं रूप एका ठिकाणचं आणि आतलं दुसऱ्याच ठिकाणचं आहे. आतला खोल गोल चौक म्हणजे मतमाता गावातलं सिदी द्रिस हे हॉटेल. तिथले अमाझिग (बर्बर) लोक पिढ्यानपिढ्या जमिनीत खड्डा खणून त्याच्या भिंतींत खोल्या कोरत आले आहेत. वर कितीही तापलं तरी मातीच्या पोटात गारवा राहतो. म्हणजे चित्रपटवाल्यांनी हे घर कल्पनेतून काढलेलं नाही, उन्हाशी जुळवून घेतलेल्या माणसांकडून उचललेलं आहे. म्हणूनच ते खरं वाटतं. मिठागरावरचा तो एकटा घुमट झिजून पडायला आला होता, तेव्हा २०१२ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून त्याची डागडुजी केली.

दुसरी गोष्ट बघायची ती शेताची. ल्यूकचा काका ओवेन शेतकरी आहे, पण त्याचं पीक म्हणजे हवेतला ओलावा. व्हेपोरेटर नावाचे उंच खांब हवा थंड करतात, त्यातली वाफ दवासारखी साचते आणि टाकीत उतरते. आपल्या फ्लॅटच्या एसीच्या नळीतून खाली टपटपणारं पाणी याच तत्त्वावर निघतं. फरक इतकाच की आपण ते वाया घालवतो आणि लार्स कुटुंब त्यावर जगतं. ओवेनला यंत्रमानव विकत घ्यायचा असतो तोही या खांबांची भाषा समजणारा हवा असतो.

माप ठरवणं

१:७२ हे माप धरा. या मापात उभा माणूस साधारण २.४ सेंटिमीटरचा, जावा दीड सेंटिमीटरच्या आतबाहेर, आणि ल्यूकची ३.४ मीटरची लँडस्पीडर, म्हणजे जमिनीवर तरंगत धावणारी त्याची गाडी, पावणेपाच सेंटिमीटरची होते. ४५ बाय ३० सेंटिमीटरच्या फळीवर खऱ्या मापातली सुमारे ३२ बाय २२ मीटर जमीन मावते. घर, तीन-चार खांब आणि कोपऱ्यात खडक, एवढ्याला ती पुरते. याहून मोठं काम पहिल्या खेपेला नको, कारण ठाण्यातल्या घरात ते ठेवायची जागा हा वेगळाच प्रश्न होऊन बसतो.

बूड

तळाला १२ मिलिमीटरचा प्लाय घ्या आणि हे लक्षात ठेवून करा: त्याच्या दोन्ही बाजूंना आणि कडांना ऑइल पेंटचे दोन हात द्या. एकाच बाजूला रंग दिला तर उघडी बाजू हवेतला ओलावा पिते आणि फळी वाकते. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो त्या गावात आपण वाळवंट करतोय, तेव्हा ही पायरी सोडायची नाही.

चौक खोल दिसायला हवा, म्हणून प्लायवर उंची चढवायची. फळवाल्याकडून सफरचंदाचे जाड खोके मागून आणा, त्याचा पुठ्ठा चांगला दणकट असतो. फळीच्या आकाराचे तुकडे कापा, प्रत्येकात एकाच जागी १२ सेंटिमीटर व्यासाचं भोक पाडा आणि फेव्हिकॉलनं एकावर एक चिकटवत पाच सेंटिमीटरची उंची गाठा. वर वजन ठेवून रात्रभर राहू द्या. १:७२ मध्ये हा खड्डा साडेतीन मीटरहून जास्त खोल आणि साडेआठ मीटर रुंद होतो, म्हणजे माणसाला वावरण्याजोगा चौक. थर्माकोल पटकन कापला जातो हे खरं, पण २०१८ पासून आपल्या राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे आणि पुठ्ठ्याला गिलावा जास्त चांगला धरतो.

खड्ड्याच्या भिंतीला आतून वॉल पुटी लावा. पुटी जरा घट्ट, श्रीखंडाइतपत कालवायची आणि बोटानंच थापायची. ब्रशनं लावलेली भिंत गुळगुळीत, सिमेंटच्या सोसायटीसारखी दिसते, तर बोटानं थापलेल्या भिंतीत हाताचे चढउतार राहतात आणि तेच हवे असतात. पुटी ओली असतानाच कमानीची दारं कोरा. एका कडेला आइस्क्रीमच्या काड्यांचे तुकडे रोवून पायऱ्या करा.

घुमट आणि दार

जमिनीवर दिसतो तो घुमट म्हणजे खाली जाणाऱ्या जिन्याचं डोकं. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटरचा असतो, त्याच्या बुडाचा एक सेंटिमीटर कापून टाकला की खऱ्या मापातला जवळजवळ तीन मीटर रुंद घुमट तयार. त्याच ग्रहावरच्या मॉस आयझ्ली शहरातल्यासारखी मोठी इमारत कधी करायची झाली तर नारळाची करवंटी आहेच, शेंडी काढून घासून घेतली की उत्तम बसते.

दारावर वेळ घालवा. बघणाऱ्याची नजर तिथेच जाते. कापलेल्या चेंडूत कटरनं माणसाच्या उंचीचं, म्हणजे तीन सेंटिमीटरच्या आतलं, कमानीचं भोक पाडा. चेंडूचं कवच पातळ असतं, तसंच ठेवलं तर दार अंड्याला पडलेल्या भोकासारखं दिसेल. म्हणून भोकाच्या आतल्या बाजूनं पुठ्ठ्याची पाच मिलिमीटर रुंद पट्टी वळवून चिकटवा आणि कडेला पुटी भरा. आता भिंतीला जाडी आली. ऊन बाहेर राहील आणि सावली आत राहील अशी जाडी. दाराच्या आत काळा रंग देऊ नका, गडद तपकिरी द्या, खोली खोल वाटते. घुमटाचा चेंडू जमिनीवर नुसता ठेवलेला दिसू नये यासाठी त्याच्या बुडाशी पुटीचा उतार काढून तो जमिनीत मिसळा.

जमीन: मुलतानी माती

मिठागराच्या बारीक भेगा रंगानं काढता येत नाहीत. त्या मातीला स्वतःला पडू द्याव्या लागतात, आणि त्यासाठी चेहऱ्याला लावायची मुलतानी माती फार गुणी आहे. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून तडकते. ठाण्यात जांभळी नाक्याला पूजा साहित्य आणि काष्ठौषधींच्या दुकानांत मुलतानी, गेरू, रांगोळी असं सगळं एका फेरीत होतं. नवी मुंबईकरांना वाशी, नेरूळच्या सेक्टरमधल्या बाजारात हेच मिळेल.

माती डोशाच्या पिठाइतकी सैल कालवा, अगदी थोडा फेव्हिकॉल घाला. फेव्हिकॉल वाढला तर माती तडकतच नाही. मग थर द्या, आणि इथे एक नेम सांभाळा: थर जाड तर भेगांमधली फरशी मोठी, थर पातळ तर फरशी बारीक. आपल्या मापाला दोन मिलिमीटरचा थर पुरे. जाड थर दिला तर एकेका फरशीवर आख्खी लँडस्पीडर मावेल आणि मापाचा सगळा भास जाईल.

ऑक्टोबरच्या उन्हात किंवा मार्च-एप्रिलमध्ये हा थर चांगला वाळतो. पहिल्यांदा कडा फिकट होतात, मग मध्ये केसाएवढी रेघ उमटते, तिला दुसरी येऊन मिळते, आणि बघता बघता सगळ्या पाटभर जाळं पसरतं. त्या वेळी पंखा लावू नका, हेअर ड्रायर तर नाहीच. एका बाजूनं वारा लागला की तीच बाजू आधी सुकते आणि पापुद्रे उचलले जातात. पावसाळ्यात हे काम काढूच नये.

वाळल्यावर पाण्यात कालवलेला फेव्हिकॉल शिंपडायचा मोह होईल. तो टाळा. पाणी लागलं की माती पुन्हा फुगते आणि भेगा मिटतात. त्याऐवजी मॅट व्हार्निशचा स्प्रे लांबून, हलके हात देत मारा. बाल्कनीत, तोंडाला मास्क लावून.

वाळू आणि वारा

समुद्राची किंवा खाडीची वाळू आणू नका. तिच्यातलं मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि महिन्याभरात सगळीकडे ओलसर डाग दिसायला लागतात. बांधकामाची रेती या मापाला फार जाडी, तिचा एकेक दाणा गोट्यासारखा दिसतो. आपली पांढरी रांगोळीच बरी. तिच्यात चिमूटभर गेरू आणि थोडी पिवळी माती मिसळा, चहाच्या गाळणीतून चाळून घ्या.

चाळण्याआधी वारा कुठून येतो ते ठरवा आणि फळीच्या खाली खडूनं बाण काढून ठेवा. मग प्रत्येक वस्तूच्या आडोशाच्या बाजूला वाळू साचलेली दाखवा: घुमटामागे, खांबाच्या बुडाशी, चौकाच्या एका काठावर. वाऱ्याच्या समोरची बाजू मोकळी, झिजलेली. नवख्याच्या कामात वाळू सगळीकडे सारखी पसरलेली असते, त्यामुळे वस्तू नंतर आणून ठेवल्यासारख्या वाटतात. एकाच दिशेनं साचलेली वाळू दाखवली की ते घर तिथे वर्षानुवर्षं वारा खात उभं आहे हे न सांगता कळतं.

खडक

मागच्या कोपऱ्यात जुंडलँडचे, म्हणजे टस्कन रेडर्सच्या त्या घळीच्या भागातले खडक. इथे दिवाळीच्या किल्ल्याची रीत चालते: कागदाचे बोळे रचा, त्यावर गोणपाटाऐवजी जुनं सुती कापड पातळ पुटीत बुडवून पांघरा, सुरकुत्या बोटांनी दाबून घ्या. अळीव मात्र पेरायचं नाही!

आपल्या डोळ्यांना येऊरच्या आणि पारसिकच्या डोंगराची सवय आहे. तो काळा बेसॉल्ट आहे, लाव्हारसाचा. ट्युनिशियाची ती घळ गाळाच्या खडकाची, फिकट पिवळी, वहीची पानं रचल्यासारखी थरांची. म्हणून कापडावर दर्शनी बाजूला अंड्यांच्या कागदी ट्रेचे फाडलेले तुकडे आडवे, एकावर एक चिकटवा. कापू नका, फाडा. येऊरहून दगड उचलून आणण्याचा विचारही नको. तो भाग राष्ट्रीय उद्यानाचा आहे आणि तिथून काहीच आणायचं नसतं.

खांब, आणि थोडी माणसं

व्हेपोरेटर करायला पेनाची रिकामी नळी, त्याच्या वरच्या टोकाला अगरबत्तीची काडी, मध्ये शर्टाच्या बटणांच्या दोन-तीन चकत्या, बुडाशी औषधाच्या बाटलीचं झाकण. सहा-सात सेंटिमीटर उंची ठेवा. खांब जवळजवळ लावू नका. प्रत्येकाला आपापली हवा लागते, दोन खांब शेजारी म्हणजे दोघांनाही पाणी कमी. जागेअभावी आपल्याला अंतर आखूड करावं लागतं, पण निदान एक खांब फळीच्या अगदी काठाशी ठेवा, म्हणजे शेत पुढेही पसरलेलं आहे असं वाटतं. खांबापासून घराकडे जमिनीत अर्धवट गाडलेली नळी दाखवा. ही नळी मला सगळ्या मॉडेलमधली सर्वांत मोलाची वाटते, कारण पाणी कुठून कुठे जातं ते तिच्यामुळे दिसतं.

माणसांमध्ये जावा सर्वांत सोपे. एम-सीलचा छोटा शंकू, वर टोपीसारखा दुमड, तोंडाच्या जागी काळं, त्यात पिवळे दोन ठिपके. एम-सील मळताना हातमोजे घाला.

रंग

घरांना शुद्ध पांढरा देऊ नका. हस्तिदंती ॲक्रिलिकमध्ये गेरूच्या रंगाचा थेंब घाला. तो वाळला की पाणीदार तपकिरी रंग सगळीकडे फिरवा, खोलगट जागी तो बसतो. शेवटी ब्रश जवळजवळ कोरडा करून फिकट रंगाचा हात उंचवट्यांवरून अलगद घासा.

इथे ठाणेकरांनी आपल्या डोळ्यांना जरा आवरायचं आहे. जुनी भिंत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर गच्चीपासून खाली उतरलेले काळे ओघळ येतात, कोपऱ्यात शेवाळ येतं, आणि हात आपोआप तेच रंगवतो. ते ओघळ पावसाचे आहेत. टॅटूइनवर पाऊस नाही, तर ओघळही नाहीत. तिथली भिंत जुनी होते ती वेगळ्या तऱ्हेनं: उन्हानं रंग उडतो, उडत्या वाळूनं बुडाचा हातभर भाग खरवडला जातो, दाराच्या कडेला हात लागून लागून काळपट होतं. यंत्रांवरचा रंगही वाऱ्याच्या बाजूनं आधी जातो, तिथे पेन्सिलीचं शिसं बोटानं घासलं की उघडा पडलेला धातू दिसतो.

दोन सूर्य

चित्रपटात सावली एकच दिसते, कारण चित्रण आपल्या एका सूर्याखाली झालं होतं. आपल्या टेबलावर मात्र ती दुरुस्त करता येते. दोन छोटे एलईडी घ्या, एक पिवळसर, एक नारिंगीकडे झुकणारा. फळीपासून मीटरभर लांब, एकमेकांपासून आठ-दहा सेंटिमीटरवर आणि बुटके ठेवा. प्रत्येक खांबाला दोन लांब सावल्या पडतील, बुडाशी एकत्र आणि टोकाकडे फाकलेल्या. जिथे दोन्ही सावल्या एकावर एक येतात तिथे गडद, बाकी फिकट. एका दिव्याची सावली दुसऱ्याच्या रंगानं हलकी रंगते, हे प्रत्यक्ष बघाल तेव्हा मेहनतीचं चीज झाल्यासारखं वाटेल.

फोटोत सूर्यास्तच हवा असेल तर मागे निळ्याकडून नारिंगीकडे जाणारा रंगीत कार्डपेपर उभा करा, त्यात दोन गोल भोकं पाडा, मागून बटर पेपर चिकटवा आणि त्यामागे दिवे लावा. मग बाकीचे दिवेही त्याच बाजूला हवेत. सूर्य मागे दिसतात तर सावल्या बघणाऱ्याकडेच यायला हव्यात. मोबाइल टेबलाला टेकवून, १:७२ च्या माणसाच्या उंचीवरून फोटो काढा.

मुलं विचारतील की असं खरंच असतं का. दोन ताऱ्यांभोवती फिरणारा केप्लर-१६बी हा ग्रह २०११ मध्ये सापडला. तो शनीएवढा आहे, त्यामुळे त्यावर शेतघर बांधता येणार नाही, पण आकाशात दोन सूर्य मात्र खरे.

पावसाळ्यात सांभाळणं

जून लागायच्या आधी मॉडेल ॲक्रिलिकच्या पेटीत ठेवा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. त्या पुड्या बुटांच्या खोक्यातून जमवून ठेवाव्यात. बाहेरच्या भिंतीला टेकवून पेटी ठेवू नका, ती भिंत पावसाळ्यात घाम धरते. बुरशीचा पांढरा ठिपका दिसला तर ओल्या फडक्यानं पुसू नका, कोरड्या ब्रशनं झाडा आणि पेटी दिवसभर उघडी ठेवून पंख्याखाली राहू द्या. पावसाचा त्रास चित्रपटवाल्यांनाही चुकला नाही. १९७६ च्या मार्चमध्ये ट्युनिशियात चित्रण चालू असताना वादळी पावसानं सेटची नासधूस केली होती.

एवढं जमलं की पुढचं काम म्हणून जावांचं सँडक्रॉलर, म्हणजे पट्ट्यांवर चालणारं त्यांचं अवाढव्य वाहन, घ्या. ते सुमारे ३७ मीटर लांब, म्हणजे १:७२ मध्ये अर्धा मीटर, आपल्या फळीहूनही लांब. ते पूर्ण करायची गरज नाही. चित्रपटासाठीसुद्धा खऱ्या आकारात त्याचा खालचाच भाग उभारला होता, वरचा चित्र आणि मॉडेलच्या मदतीनं दाखवला. तुम्हीही पट्ट्याची दोन चाकं आणि खाली उतरलेला उतरता दरवाजा एवढंच फळीच्या काठाशी करा, आणि दरवाजासमोर विकायला मांडलेल्या यंत्रमानवांची रांग लावा.